आठ आणि दहाच्या मधला एक

परतूरच्या रेल्वे फाटकापासून निघून जांब समर्थच्या वेशीला टेकणारा हा राज्यमार्ग अवघा सव्वीस किलोमीटरचा. नाव मोठं, लांबी एवढीशी. सकाळी सायकलवर निघालेला माणूस वाटेत दोनदा चहा पिऊनही जेवणाच्या वेळेला पोचावा, एवढाच त्याचा पसारा. पण ह्या रस्त्यावर चाळीस वर्षं किलोमीटरचे दगड सात, आठ, एक, दहा, अकरा असे लागत होते, आणि सरकारदरबारी कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हा पराक्रम लालमियाँचा.

लालमियाँ बांधकाम खात्यात मैलकुली होता. मैल जाऊन किलोमीटर आले तरी मैलकुलीचा किलोमीटरकुली काही झाला नाही, शब्द तसाच राहिला. खातं रस्त्याचा सात-आठ किलोमीटरांचा तुकडा एका माणसाच्या हवाली करायचं, त्याला त्याची हद्द म्हणायचे. हद्दीतले खड्डे बुजवायचे, साइडपट्ट्या तासायच्या, मोऱ्यांत अडकलेला पालापाचोळा काढायचा, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे द्यायचे, आणि पावसाळा सरला की किलोमीटरचे दगड रंगवायचे. फावडं, घमेलं आणि एक लाल झेंडी, एवढ्यावर लालमियाँनं चौतीस वर्षं काढली. त्याची हद्द सहा ते तेरा. त्या हद्दीत खड्डा पडला की त्याला आपलाच सदरा फाटल्यासारखं वाटायचं.

रस्त्याशी त्याचं नातं नोकरीच्याही आधीचं. बापाच्या तोंडून त्यानं ऐकलेला रस्ता म्हणजे निजामाच्या वेळची गाडीवाट. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुतायची आणि गाडी दोन-दोन दिवस जागची हलायची नाही. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं ह्याच वाटेवर खडी फोडायचं काम काढलं. अठरा वर्षांचा लालमियाँ आईच्या शेजारी बसून हातोडा चालवायचा. दुपारी सुकडी, म्हणजे गूळ घातलेलं भाजकं पीठ, मिळायची. पुढं आयुष्यात बिर्याण्या खाल्ल्या, पण त्या सुकडीची सर कशाला नाही, असं तो अजून म्हणतो. त्याची बायको सरदारबी दर खेपेला म्हणते, “वो सुकडी की नहीं, भूक की लज्जत थी,” आणि तो दर खेपेला तिच्याशी भांडतो.

ऐंशी साली नोकरी लागली, तेव्हा त्यानं हद्दीच्या साधारण मध्यावर, नऊ किलोमीटरच्या दगडामागं झोपडी घातली. आसपास शेतात राहणाऱ्यांची चार घरं, एक विहीर, दोन लिंबाची झाडं. बस्स. नाव नाही, गाव नाही. एसटी समोरून धुरळा उडवत जायची, थांबायची नाही.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर खात्याचा पेंटर आजारी पडला. मुकादमानं रंगाचा डबा आणि ब्रश लालमियाँच्या हातात दिला. “जुन्या आकड्यांवरून हात फिरवायचा, अक्कल चालवायची न्हाई,” असं बजावून तो गेला. लालमियाँनं बराबर तसंच केलं. सहा, सात, आठ झकास झाले. पण नऊच्या दगडाचं तोंड कुठल्याशा ट्रकनं ठोकरून खरवडलं होतं. ‘परतूर’ एवढं दिसत होतं, त्याच्याखालचा आकडा साफ उडालेला. आता अक्कल चालवण्यावाचून इलाजच नव्हता. लालमियाँ परतूरच्या उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. त्यानं शाळेतला नऊ आठवला आणि मोठ्या झोकात काढला. वर गोल गाठ, खाली सरळ शेपूट. दोन पावलं मागं सरून त्यानं डोकं तिरकं करून पाहिलं. सगळ्या दगडांत हाच सुबक उतरला, असं त्याला वाटलं.

आता उर्दूतला नऊ आणि मराठीतला एक हे दिसायला जुळे भाऊ. जांबेकडून परतूरला येणाऱ्या मराठी माणसानं तो दगड वाचला की तो वाचायचा, ‘परतूर १’.

पहिला बळी गेला वामन मास्तरांचा. मास्तर तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचे, अंगानं काडी, नाकावर चष्मा. जवळच्या गावच्या शाळेवर नवीनच नेमणूक झालेली, आणि परतूरच्या कचेरीत कागद द्यायला निघालेले. एसटी वाटेत बिघडली. मास्तर खाली उतरले, पाहतात तर समोर दगड: परतूर एक किलोमीटर! बाकीचे प्रवासी बसच्या सावलीत बसून राहिले. ह्या वाटेची माहिती असलेलं कुणीतरी म्हणालंसुद्धा, “मास्तर, लांब हाय.” पण लिहिलेल्यावर मास्तर लोकांचा भारी विश्वास. पत्र्याची ट्रंक खांद्यावर टाकून ते तरातरा चालायला लागले. भर उन्हात एक किलोमीटर चालले आणि पुढचा दगड आला. त्यावर लिहिलं होतं, ‘परतूर ८’.

लालमियाँ तिथंच साइडपट्टी तासत होता. मास्तरांनी ट्रंक आपटली. “अहो, हा काय प्रकार आहे? मी एक किलोमीटर चाललो, तर परतूर सात किलोमीटर लांब गेलं!”

“आठच हाय ना साहेब. मागं नऊ, फुडं सात. आपला हिसाब बराबर हाय,” लालमियाँ म्हणाला.

“मागं एक आहे!”

“नऊ हाय. म्या सोताच्या हातानं काढला.”

दोघंही इरेला पेटले आणि उन्हातान्हात परत त्या दगडापाशी आले. मास्तरांनी काटकी घेऊन धुळीत मराठी नऊ काढला. लालमियाँनं शेजारी आपला नऊ काढला. मास्तर धुळीकडे पाहत राहिले, मग दगडाकडे, आणि त्यांना असं काही हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. लालमियाँचं तोंड मात्र पांढरं पडलं. नोकरीला सहा महिने झाले नव्हते. सरदारबीनं झोपडीतून पाण्याचा तांब्या आणला, मास्तर घटाघटा प्याले आणि म्हणाले, “घाबरू नका. मी कुणाला सांगत नाही. पण मराठी शिका.”

त्या दिवसापासून मास्तर शाळा सुटल्यावर सायकलवरून परत जाताना अर्धा तास लिंबाखाली थांबायचे. पाटी मास्तरांची, चहा सरदारबीचा. आकडे झाले, अक्षरं झाली, मग जुनी वर्तमानपत्रं आली. कधी उलटंही व्हायचं, मास्तर उर्दूचा अलिफ गिरवायचे आणि लालमियाँ त्यांना गंभीर चेहऱ्यानं “हात सैल सोडा मास्तर” म्हणून टोकायचा. आयुष्यात त्याला सुखाचे दिवस कोणते म्हणून विचारलं, तर तो लग्नाचं सांगत नाही, पोरांचं सांगत नाही. त्या लिंबाखालच्या अर्ध्या तासाचं सांगतो. सरदारबीला ह्याचा राग येतो, आणि तो यायलाच हवा.

मग चूक दुरुस्त का झाली नाही? तर रंगाचा डबा खात्यानं परत नेला होता. तो पुढच्या दसऱ्यालाच मिळणार होता. आणि त्या एका वर्षात भलतंच घडलं. एसटीचे कंडक्टर लोक त्या दगडाची मस्करी करायला लागले. “चला, परतूर एक किलोमीटर राह्यलं, उतरणारे उतरा!” म्हणून ओरडायचे आणि बसभर हशा पिकायचा. मस्करीतून जागेला नाव पडलं, ‘एक नंबर’. नाव पडल्यावर तिकीट मागता यायला लागलं, आणि तिकीट मागितल्यावर बस थांबायला लागली. पाच घरच्या बाया भाजी-माळव्याच्या पाट्या घेऊन परतूरच्या बाजाराला बसनं जाऊ लागल्या. त्याच भादव्यात सरदारबीचे दिवस भरले. ती ह्याच बसनं परतूरच्या दवाखान्यात गेली आणि नाहिदला कुशीत घेऊन ह्याच बसनं परत आली.

दसऱ्यानंतर लालमियाँ डबा-ब्रश घेऊन दगडाजवळ आला, तर सरदारबी दोन महिन्यांच्या पोरीला कडेवर घेऊन दगडासमोर उभी. मागं चार घरच्या चार बाया.

“हात नक्को लगाव,” ती म्हणाली.

“गलत है वो, सरदार.”

“रहने दो गलत. तुम्हारा नौ आया तो बस जाएगी.”

लालमियाँनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर सायकल धरून उभे होते. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि म्हणाले, “बाया म्हणतात तसं करा.” तेव्हा लालमियाँनं ब्रश बुडवला आणि पूर्वीचाच आकडा पुन्हा नीट गिरवला. पहिल्या वर्षी चूक झाली होती. पुढची तेहतीस वर्षं त्यानं ती जाणूनबुजून, हात जरासुद्धा न कापू देता रंगवली. साहेबांची जीप पाहणीला येणार अशी कुणकुण लागली की त्या दगडावर सरदारबीची ओली गोधडी वाळत पडायची. एकदा एका साहेबानं विचारलंच, “दगडावर कपडे का वाळवता?” लालमियाँ म्हणाला, “तापतो चांगला, साहेब.” साहेबाला ते पटलं.

दिवस गेले. पाचाची पंचवीस घरं झाली, पंचविसाची सत्तर. एक किराणा, एक पंक्चरवाला, शाळेच्या दोन खोल्या. आमच्याकडं कुठल्याही उत्तम वस्तूला ‘एक नंबर’ म्हणतात, त्यामुळं इथली माणसं सोयरिकीलासुद्धा छाती पुढं काढून जायची. “पाव्हणे कुठले?” “एक नंबरचे!” जुनी चार घरं शेतं विकून कुठं कुठं गेली, त्या बायाही गेल्या. लालमियाँ निवृत्त झाला. सात वर्षांपूर्वी वामन मास्तर गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी पाठकोऱ्या कागदावर अलिफ काढून दाखवला होता. लालमियाँ त्या दिवशी परत येताना बसच्या खिडकीशी बसून पोरासारखा रडला. आता चुकीची खरी हकीकत जाणणारी दोनच माणसं उरली, तो आणि सरदारबी.

आणि गोष्टीला जागा रिकामी सापडली की कुणीतरी येऊन बसतंच. इथं बसले काकासाहेब. ह्यांचं रस्त्याला लागून हॉटेल, भजी चांगली, आवाज त्याहून चांगला. वस्तीचे पुढारीही तेच. गिऱ्हाइकानं नावाची चौकशी केली की काकासाहेब झारा हातात घेऊनच सुरू व्हायचे, “निजामाचा मोजणीदार आल्ता हत्तीवरून. सगळ्या मराठवाड्याच्या मोजणीची पहिली मेख त्यानं इथं ठोकली. म्हून आपण एक नंबर!” दर वर्षी हत्तीची उंची वाढत होती. लालमियाँ बाकावर बसून ऐकायचा, गालात हसायचा आणि बशीतला चहा फुंकायचा. त्याला वाटायचं, बरंच आहे, आपली चूक हत्तीखाली झाकली जातेय.

मग रस्ता सिमेंटचा व्हायला लागला. एके सकाळी जेसीबीनं जुने दगड उपटले. नऊचा दगडही निघाला. लालमियाँ काठी टेकत गेला तेव्हा तो चारीत पालथा पडला होता. लालमियाँला वाईट वाटलं, पण रस्ता म्हटला की हे चालायचंच, हेही त्याला कळत होतं. गाडीवाट गेली तेव्हा त्याचा बाप काही रडत बसला नव्हता.

आठवड्यानं अर्पिता नावाच्या इंजिनीयर मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, डोक्यावर हेल्मेट, बुटांना चिखल. गावांच्या नावाच्या हिरव्या पाट्या लागणार होत्या आणि त्यांच्या यादीत ह्या जागेला नुसतं ‘वस्ती’ म्हटलं होतं. काकासाहेबांनी हॉटेलातच सभा भरवली. “मॅडम, एक नंबर लिवा!”

“लिहिते. पण वर कारण कळवावं लागतं. हे नाव कशावरून?”

काकासाहेबांनी हत्ती बाहेर काढला. मॅडमनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “छान आहे. पाटीशेजारी माहितीफलकही लावता येईल. फक्त रस्त्यावर काम केलेल्या एखाद्या जुन्या माणसाची सही लागेल.” सगळ्यांच्या माना लालमियाँकडे वळल्या. काकासाहेबांनी पेन त्याच्या हातात दिलं.

लालमियाँनं कागद वाचला. मास्तरांनी शिकवलेलं मराठी त्याला चांगलं येत होतं. निजाम होता, मोजणीदार होता, हत्ती होता. लिंबाचं झाड नव्हतं, पाटी नव्हती, ट्रंक खांद्यावर घेऊन उन्हात चालणारा काडीसारखा माणूस नव्हता. हे फलकावर चढलं की हेच खरं होणार होतं. पण खरं सांगितलं तर? सत्तर घरांच्या मानाच्या नावाचं हसं होणार, नाव जाणार, आणि सगळे म्हणणार, ह्या म्हाताऱ्याला आकडा काढता येत नव्हता. “सोचून सांगतो. सकाळी,” एवढं बोलून तो उठला.

घरी सरदारबी तांदूळ निवडत होती. तिनं ऐकून घेतलं. “करके डालो सही. अब्बी बुढ़ापे में कायकू तमाशा?”

“उसमें मास्तर का नाम नहीं है.”

“मास्तर को अब क्या करना नाम का?”

लालमियाँनं काठी कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाला, “तेरा भी नहीं. नाहिद को लेके तू पत्थर के सामने खड़ी थी, वो भी नहीं.”

सरदारबीचा हात सुपात थांबला. “वो भी नहीं?”

“नहीं. हाथी है.”

तिनं सूप बाजूला ठेवलं. “तो मग नक्को करो सही,” ती म्हणाली.

सकाळी हॉटेलात निम्मी वस्ती जमली होती. लालमियाँ उभा राहिला आणि त्यानं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. पेंटर, ट्रकनं ठोकरलेला दगड, उर्दू शाळा. मॅडमची वही मागून घेऊन त्यानं दोन्ही आकडे शेजारी शेजारी काढले. आकडे चांगले आले. मास्तरांचं सांगताना लोक हसले. बसचं सांगितलं तेव्हा हसायचे थांबले. “चूक माझी हाय,” शेवटी तो म्हणाला. “हत्तीला देऊ नका.”

काकासाहेबांचा चेहरा पडला होता. इतकी वर्षं ज्या हत्तीवर बसून मिरवले तो खालून निघून गेला होता. ते हळूच म्हणाले, “म्हंजी चाचा, आमी सत्तर घरं तुमच्या चुकीत ऱ्हाऊन राह्यलो?”

“हां,” लालमियाँ म्हणाला. “मीबी तिथंच ऱ्हाऊन राह्यलो की, चव्वेचाळीस वर्सं. तुमच्यासंगंच.”

मॅडम लिहीत होत्या. “चाचा, मी हे जसंच्या तसं वर पाठवते. नाव मंजूर होईल की नाही, सांगू शकत नाही. आणि दगडावर आता नऊच येईल, मराठी नऊ.”

“तो यायलाच पायजे,” लालमियाँ म्हणाला.

पुढचे दोन महिने फार वाईट गेले. काकासाहेब चहा द्यायचे, बोलायचे नाहीत. टवाळ पोरं त्याला पाहून हवेत नऊ काढायची. एक-दोन बायांनी सरदारबीला तोंडावर ऐकवलं की नाव गेलं तर तुमच्यामुळं. लालमियाँ रोज रस्त्यापर्यंत येऊन पाटीची वाट बघायचा आणि परत जायचा. आपण गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, असंही त्याला चार-दोनदा वाटून गेलं.

दिवाळी झाल्यावर पाटी आली. हिरवी, मोठी, चकचकीत: ‘एक नंबर’. तिच्यापासून दहा पावलांवर सिमेंटचा नवा दगड, त्यावर ९. माहितीफलक काही आला नाही, त्याला मंजुरी मिळाली नाही म्हणे. काकासाहेबांनी पाटीला हार घातला, भजी फुकट वाटली, पण लालमियाँशी ते तरीही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लालमियाँ बाकावर नेहमीच्या जागी बसला होता. जांबेहून दर्शन करून आलेली एक गाडी थांबली. गाडीतले गृहस्थ चहा पिता पिता बाहेर पाहत राहिले. “अहो मालक, दगडावर नऊ आणि पाटीवर एक नंबर, ही काय भानगड आहे?”

काकासाहेबांचा झारा वर गेला. “निजामाचा मोजणीदार...” त्यांनी सुरुवात केली आणि ते अडखळले. कढईतली भजी करपायला लागली. त्यांनी झारा खाली ठेवला, हात पुसले आणि बाकाकडे वळून म्हणाले, “चाचा, मला न्हाई जमायचं. तुमची हाय, तुमीच सांगा.”

लालमियाँनं बशी खाली ठेवली. पाहुणे त्याच्याकडे वळून बसले. तो घसा साफ करून म्हणाला, “आमच्याकडं वामन मास्तर म्हून एक व्हते.”